कंडक्टरचा जिना

दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमारास ब्रिटनमधले डॉक्टर एका प्रश्नानं हैराण झाले होते. हृदयविकाराच्या झटक्यानं दगावणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या वाढत होती आणि त्यामागचं कारण कुणाला धडपणे सांगता येत नव्हतं. जेरी मॉरिस या साथरोगतज्ज्ञानं उत्तर शोधायला लंडनच्या दुमजली बसगाड्या निवडल्या. प्रत्येक गाडीवर दोन माणसं असत. ड्रायव्हर दिवसभर सीटवर बसलेला, कंडक्टर तिकिटं देत सतत खालीवर करणारा. दोघांची नोकरी एकाच संस्थेत, राहणीमानही साधारण सारखंच. मोठा फरक होता तो जिन्याचा. कामाच्या एका दिवसात कंडक्टर ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मॉरिस यांचे निष्कर्ष छापून आले. ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, झालाच तर उशिराच्या वयात होत होता आणि पहिल्या झटक्यात जीव जाण्याचं प्रमाणही त्यांच्यात बरंच कमी होतं.

मुळात अंगानं जाड असलेली माणसंच ड्रायव्हरची नोकरी धरत असतील, ही शंका कुणालाही येईल. मॉरिस यांनाही ती आली. त्यांनी दोघांच्या गणवेशाच्या पॅंटींची मापं तपासली. ड्रायव्हरांची कंबर खरोखरच मोठी निघाली, पण सडपातळ, मध्यम आणि स्थूल अशा तिन्ही गटांत अचानक मृत्यूचा धोका कंडक्टरांना कमी होता. त्यांच्या टपालखात्याच्या अभ्यासातही तेच दिसलं. पायी आणि सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन कचेरीत बसून काम करणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते. मॉरिस यांनी पुढे स्वतःही व्यायाम कधी सोडला नाही. २००९ मध्ये ते गेले तेव्हा त्यांनी वयाची नव्व्याण्णव वर्षं पूर्ण केली होती.

मुंबईकरांना हा जिना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बेस्टच्या दुमजली बस १९३७ पासून शहरात धावत होत्या आणि जुन्या डिझेल गाड्यांपैकी शेवटची गाडी सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तिकिटाचा पंच टिकटिक वाजवत, एका हातानं दांडा धरून, गाडी वळण घेत असतानाही वरच्या मजल्यावर जाणारा कंडक्टर दोन-तीन पिढ्यांनी पाहिलेला आहे. त्याच्या खांद्याला चामडी पिशवी असे आणि पुढच्या थांब्यावर चढणाऱ्यांसाठी त्याला लगेच खाली यावं लागे.

त्या कंडक्टरनं व्यायामासाठी वेळ काढलेला नव्हता, ही गोष्ट या विषयाच्या मुळाशी आहे. त्याची हालचाल पगारी कामाच्या तासांत होत होती आणि तिच्यासाठी त्याला पहाटे उठावं लागत नव्हतं, मनाची तयारी करावी लागत नव्हती. मागच्या साठ-सत्तर वर्षांत शहरी माणसाच्या कामातून ही हालचाल एकेक करून निघून गेली. लिफ्ट आली, दुचाकी आली, फाइल उचलून दुसऱ्या टेबलावर नेण्याची जागा ई-मेलनं घेतली, किराणा दारात येऊ लागला. यातली एकही सोय वाईट नाही. म्हाताऱ्या माणसाला चौथ्या मजल्यावर लिफ्ट हवीच. पण दिवसभरात आपोआप होणारं चालणं-चढणं गेलं आणि त्याच्या जागी काय, हे कुणी ठरवलंच नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडिॲब’ पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या चौदा हजारांहून अधिक लोकांच्या हालचालींची नोंद झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात ५४.४ टक्के लोक निष्क्रिय गटात मोडले. मोकळ्या वेळेत आवडीनं काही खेळणारे, धावणारे, चालायला जाणारे दहा टक्क्यांहून कमी निघाले. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी केलेला अभ्यास ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. त्यानुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास, तर बायकांत ५७ टक्क्यांच्या आसपास होतं.

बायका आणि पुरुषांच्या आकड्यांतल्या या अंतराकडे व्यायामावरचं बहुतेक लेखन पाहतच नाही. तिथं वाचकाला झापलं जातं. आठवड्यात १०,०८० मिनिटं असतात, त्यातली व्यायामासाठी सांगितलेली १५० काढता येत नाहीत म्हणजे काय, असा हिशेब मांडला जातो. गणित बरोबर आहे. दीड टक्काही वेळ लागत नाही. पण हा हिशेब ज्याची मिनिटं ज्याच्या ताब्यात आहेत त्याच्यासाठी आहे. डोंबिवलीहून मुंबईला नोकरीसाठी येणाऱ्या बाईचा दिवस पाच वाजता सुरू होतो. पाणी भरायचं, कणीक मळायची, डबे भरायचे, मुलाला शाळेसाठी उठवायचं, सासूबाईंची गोळी काढून ठेवायची आणि ठरलेली लोकल गाठायची. संध्याकाळी परतताना स्टेशनबाहेर भाजी घ्यायची. रात्री ओटा आवरून झाला की साडेदहा वाजलेले असतात. ‘वेळ मिळत नाही’ असं ती म्हणते तेव्हा ते खरं असतं.

सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत हेच आकड्यांत उमटलं आहे. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, तर घरकामात हात घालणारे पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे रोज तीन तासांहून अधिक फरक. त्यामुळे व्यायामाला वेळ काढणं हा पुष्कळ घरांत निश्चयाचा प्रश्न नसून कामाच्या वाटणीचा आहे, असं स्पष्ट म्हणायला हवं. घरकाम हाच व्यायाम नव्हे का, असं त्यावर विचारलं जातं. काही अंशी ते खरंही आहे. गुडघ्यावर बसून फरशी पुसणं, पाण्याच्या बादल्या उचलून नेणं, चादरी हातानं धुवून पिळणं यांत अंग हलतं आणि तज्ज्ञही ती हालचाल मोजतात. पण ओट्यापाशी एका जागी उभं राहून वीस पोळ्या लाटताना पाय आखडतात, कंबर धरते आणि दम मात्र लागत नाही. थकवा आला म्हणजे व्यायाम झाला, या समजुतीनं पुष्कळ बायकांचं नुकसान केलं आहे.

दम लागणं ही खरी खूण. त्यासाठी मनगटावर घड्याळ बांधायची गरज नाही. चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, एवढ्या वेगाला मध्यम श्रम म्हणतात. चार-पाच शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागतो, तेव्हा श्रम जोरदार झाले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये दिलेली शिफारस अशी, की प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार श्रम करावेत आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. या शिफारशीत एक बदल गुपचूप होऊन गेला, आणि धावपळीत जगणाऱ्या माणसासाठी तो सगळ्यांत मोलाचा आहे. आधीच्या, २०१० च्या शिफारशीत निदान दहा मिनिटं सलग व्यायाम झाला तरच तो धरायचा, असा दंडक होता. २०२० मध्ये तो काढून टाकला. दोन मिनिटंही आता हिशेबात येतात.

थोड्या वेळाच्या व्यायामावर बरंच संशोधन झालं आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बैठं आयुष्य जगणाऱ्या पुरुषांचे गट केले. एका गटानं आठवड्यातून तीनदा पाऊण तास बेताच्या वेगानं सायकल चालवली. दुसऱ्यानं फक्त तीन वेळा वीस-वीस सेकंद जीव खाऊन पॅडल मारले आणि मधे दोन-दोन मिनिटं सावकाश. आधीचं अंग गरम करणं धरून सगळं दहा मिनिटांत आटोपायचं. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सारखीच, सुमारे १९ टक्क्यांनी वाढली होती. गट लहान होते हे खरं, आणि पन्नाशीच्या, उच्च रक्तदाब असलेल्या माणसानं डॉक्टरांना न विचारता असला जोर करू नये हेही खरं. पण वेळ कमी असेल तर जोर वाढवून काही भरपाई होते, एवढं त्यातून नक्की कळलं.

२०२२ चा एक अभ्यास याहून घरगुती आहे. त्यात व्यायाम अजिबात न करणाऱ्या पंचवीस हजार ब्रिटिश माणसांच्या मनगटावर हालचाल मोजणारी पट्टी बांधली होती. बस पकडायला धावणं, पिशव्या घेऊन जिना चढणं, चढावर झपाझप चालणं असे एक-दोन मिनिटांचे श्रम ज्यांच्या दिवसात तीनेकदा घडत होते, त्यांच्यात पुढच्या सात वर्षांत मृत्यूचं प्रमाण अशी धाप कधीच न लागणाऱ्यांपेक्षा ३८ ते ४० टक्क्यांनी कमी होतं. हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही. मुळात धडधाकट माणसंच जास्त धावली असतील, ही शक्यता उरते. तरीही मॉरिस यांच्या बसमध्ये जे दिसलं तेच इथं पुन्हा दिसतं. ज्याला सोमवार ते शुक्रवार खरोखरच जमत नाही त्यालाही दिलासा आहे. जवळजवळ नव्वद हजार लोकांच्या २०२३ च्या अभ्यासात, आठवड्याचा व्यायाम एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांना हृदयविकार आणि पक्षाघात यांच्यापासून मिळणारं संरक्षण रोज थोडा थोडा करणाऱ्यांइतकंच दिसलं. रविवारी सकाळी सिंहगड चढणाऱ्या पुणेकरांनी याची नोंद घ्यावी, आणि उतरताना गुडघ्यांचीही घ्यावी.

रोज १०,००० पावलांचा धाक मात्र कुणी बाळगू नये. तो आकडा १९६५ च्या जपानी पावलं मोजण्याच्या यंत्राच्या जाहिरातीतून पसरला. अमेरिकेतल्या सतरा हजारांच्या आसपास वयस्क बायकांच्या २०१९ च्या अभ्यासात ४,४०० पावलांपासूनच फरक दिसू लागला आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढेनासा झाला.

महाराष्ट्राला यातलं सगळंच नवं नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, घरातल्या बायकामुलांनाही त्यात घेतलं, त्यावर पुस्तक लिहिलं आणि १९३८ मध्ये हा व्यायाम इंग्रजी वाचकांपर्यंतही पोहोचवला. राजाला वेळ असतो, असं कुणी म्हणेल. पण त्यांनी निवडलेला व्यायाम वेळ नसलेल्या माणसासाठीच घडवल्यासारखा आहे. सतरंजीएवढी जागा लागते, साहित्य काहीच लागत नाही, पावसाळ्यात खंड पडत नाही. बारा नमस्कार सावकाश घातले तरी पाच-सात मिनिटांत होतात. साष्टांगाच्या स्थितीत कपाळ, छाती, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन चवडे जमिनीला टेकतात. तिथून हातांच्या जोरावर वर येताना दंड आणि छाती राबते, पुढचा पाय हातांजवळ आणताना मांडी आणि पोट. पहिले चार हलके वाटतात. आठव्यानंतर श्वास वाढतो आणि बाराव्याला बोलणं तुटतं. दम आणि ताकद दोन्ही एकाच सतरंजीवर.

औंधच्या जोडीनं संस्थाही उभ्या राहिल्या. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. त्याच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढलं, दादरच्या शिवाजी पार्कवरचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. कोल्हापुरात तर पेठेगणिक तालमी. या ठिकाणी जोर, बैठका, मल्लखांब शिकायला मिळत, ते होतंच. पण रोज येण्याची सवय टिकवणारी गोष्ट निराळी होती. वेळ ठरलेली असायची आणि दांडी मारली की दुसऱ्या दिवशी उस्ताद किंवा सोबती विचारायचे, ‘काल कुठं होतास रे?’ वर्षाचे पैसे भरून फेब्रुवारीत जिम सोडणाऱ्याला असं विचारणारं बहुधा कुणी नसतं. सोसायटीतल्या दोघी-तिघींनी सव्वासहाला गेटपाशी भेटायचं ठरवलं, तर ते काम तिथं होतं. चालायला जाणाऱ्या बायकांचे गट वर्षानुवर्षं टिकतात याचं कारण त्यांच्या गप्पांत आहे, आणि त्या गप्पांची चेष्टा करणाऱ्यांनी स्वतःचा व्यायाम किती महिने टिकला ते आठवून पाहावं.

निश्चयावर किती भिस्त ठेवावी, याचं एक मोजमाप उपलब्ध आहे. ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांचे तीन गट करून २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त नोंदी ठेवायला सांगितल्या. दुसऱ्याला हृदयविकार आणि व्यायामाचे फायदे यांवरचा मजकूर वाचायला दिला. तिसऱ्याला तोच मजकूर दिला आणि वर, पुढच्या आठवड्यात कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठं व्यायाम करणार ते लिहून काढायला लावलं. पहिल्या गटात ३८ टक्क्यांनी व्यायाम केला, दुसऱ्यात ३५ टक्क्यांनी, तिसऱ्यात ९१ टक्क्यांनी. उपदेशानं काडीचा फरक पडला नाही. ‘सकाळी जमेल तसं’ आणि ‘मुलाची स्कूलबस गेली की गेटपासूनच उजवीकडे वळून तलावापर्यंत’ यांत हाच फरक आहे. सवय अंगी बाणायला किती दिवस लागतात, यावर लंडनच्या एका अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस आला, पण माणसागणिक तो १८ पासून २५४ पर्यंत पसरलेला होता. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही तिथंच दिसलं. तेव्हा एकवीस दिवसांत सवय न लागलेल्यानं स्वतःला दोष देऊ नये.

दिवसात आधीच ठरलेल्या गोष्टींना व्यायाम बांधला की वेगळा वेळ शोधावा लागत नाही. मराठी घरांत जेवणानंतरची शतपावली होतीच. जेवणानंतर काही मिनिटं सावकाश चाललं तरी रक्तातली साखर बसून राहण्यापेक्षा कमी चढते, असं अलीकडच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, हे इंडिॲबच्याच २०२३ च्या आकडेवारीनं सांगितलं. तरी रात्रीच्या जेवणानंतर थेट मालिका लागते. ऑफिसात दोन मजले जिन्यानं जाणं, एक थांबा आधी उतरणं, फोनवर बोलताना उभं राहून फेऱ्या मारणं या सगळ्यांची बेरीज होते. ताकदीच्या व्यायामाचं तसं नाही. तो मुद्दाम करावा लागतो, आणि चाळिशीनंतर, विशेषतः बायकांनी, तो टाळू नये. सुरुवात स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरही होते. हात छातीशी घडी घालून, आधार न घेता दहा वेळा उठायचं आणि सावकाश बसायचं. ओट्याला हात टेकून तिरके जोर काढायचे. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत दोन्हींच्या दोन फेऱ्या होतात. वय झालं म्हणून आशा सोडण्याचं कारण नाही. बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या नऊ जणांनी आठ आठवडे वजनं घेऊन पायांचा व्यायाम केला, तेव्हा त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हा प्रयोग १९९० चा आहे.

एका बाबतीत मात्र ठाम राहायला हवं. व्यायामाचा वेळ झोपेतून कापून घेऊ नये. रात्री बाराला झोपणाऱ्या माणसाला साडेचारला उठून टेकडीवर पाठवणारा सल्ला चुकीचाच. बदलत्या ड्यूटीवर असलेले पोलीस, परिचारिका, एसटीचे चालक यांना ठरावीक घड्याळ पाळता येत नाही. त्यांनी व्यायाम वेळेऐवजी ड्यूटी सुरू होण्याला किंवा संपण्याला जोडावा. छातीत दुखतं, चालताना चक्कर येते किंवा मधुमेहाची औषधं चालू आहेत, अशांनी आधी डॉक्टरांशी बोलावं आणि मग बेतानं वाढवावं.

काही गोष्टी एकट्या माणसाच्या हातात नसतात. फुटपाथवर गाड्या उभ्या असतील तर म्हातारी माणसं चालणार कुठं? दिवे नसलेल्या रस्त्यानं पहाटे साडेपाचला मुलगी एकटी धावायला निघत नाही, आणि त्यात तिचा आळस नसतो. पुण्यातल्या नागरिकांनी वेताळ टेकडी वाचवण्यासाठी आवाज उठवला, त्यात झाडांइतकाच रोज सकाळी तिथं चढणाऱ्यांचाही प्रश्न होता. अनेक कचेऱ्यांच्या इमारतींत जिन्याचं दार बंद असतं किंवा पायऱ्यांवर जुन्या फायली आणि मोडक्या खुर्च्या रचलेल्या असतात. व्यवस्थापनानं तो जिना मोकळा केला, दिवा लावला आणि दार उघडं ठेवलं, तर आरोग्य शिबिरापेक्षा कमी खर्चात जास्त काम होईल.

या पुस्तकातली पुढची प्रकरणं क्रमानंच वाचली पाहिजेत असं नाही. बैठं काम करणाऱ्यानं जिन्यापासून सुरुवात करावी, ड्यूटी बदलणाऱ्यानं वेळापत्रकाच्या पानांपासून, गुडघे दुखणाऱ्यानं खुर्चीच्या व्यायामापासून. घरकामाच्या वाटणीचं प्रकरण मात्र घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावं. आई मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सव्वासहाला बाहेर पडणार असेल, तर त्या दोन दिवशी कणीक कोण मळणार, डबे कोण भरणार आणि आजीची गोळी कोण देणार, ही नावं तिथंच लिहून फ्रिजवर लावायची आहेत.